धोटा, कॅम आणि नऊ हजार फेरे

यूट्यूबवर होंडा एस2000चा एखादा व्हिडिओ हेडफोन लावून ऐका. सहा हजार आरपीएमच्या आसपास आवाज एकदम बदलतो, जणू आत दुसरंच इंजिन जागं झालंय. मग आरपीएमची पट्टी नऊ हजारांपर्यंत चढत जाते.

1999 साली आलेल्या या गाडीचं इंजिन होतं एफ20सी. चार सिलिंडर, 1,997 सीसी, टर्बो नाही. तरी जपानी आवृत्तीत ताकद 250 पीएस, तीही 8,300 आरपीएमला. इंजिन मोठं करायचं नसेल आणि टर्बोही नको असेल, तर ताकद वाढवायचा एक मार्ग उरतो: तेच काम मिनिटाला जास्त वेळा करायचं.

पण नऊ हजार फेरे म्हणजे सेकंदाला दीडशे. पिस्टन 84 मिलिमीटरच्या अंतरात सेकंदाला तीनशे वेळा वर-खाली धावतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 75 वेळा उघडतो आणि मिटतो. उघडतो तो कॅममुळे, मिटतो तो स्प्रिंगमुळे. वेग फार वाढला की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही आणि पिस्टनवर आदळू शकतो. जास्त फेऱ्यांच्या इंजिनाचा इतिहास हा बराचसा या स्प्रिंगशी चाललेल्या भांडणाचा इतिहास आहे.

1912मध्ये प्यूजोच्या रेसिंग कारनं फ्रेंच ग्रांप्री जिंकली. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनात डोक्यावर दोन कॅमशाफ्ट होते आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. एका जड व्हॉल्व्हऐवजी दोन हलके, म्हणजे हवेला वाट जास्त आणि स्प्रिंगवर भार कमी. तरी ते इंजिन 2,200 आरपीएमच्या आसपासच फिरायचं. पुढची सगळी दशकं धातू, स्प्रिंगा आणि कॅमचा आकार सुधारण्यात गेली.

अडचण आणखी एक होती. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम वरच्या वेगात उत्तम, पण सिग्नलला उभ्या गाडीत तोच इंजिनाला आचके देतो. होंडानं 1989मध्ये व्हीटेक आणलं. एकाच दांड्यावर दोन प्रकारचे कॅम, आणि ठरावीक वेगाला ऑइलच्या दाबानं एक पिन सरकून मोठा कॅम कामाला लागतो. व्हिडिओतला तो बदललेला आवाज याचाच.

हा कॅम सोलापूरला परका नाही. साध्या यंत्रमागाकडे पाहा. वरचा क्रँकशाफ्ट प्रत्येक फेऱ्याला फणी ठोकतो. धोटा मात्र एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फेकावा लागतो. म्हणून धोटा फेकणारे कॅम ज्या खालच्या शाफ्टवर असतात, तो अर्ध्या वेगानं फिरतो. फोर-स्ट्रोक इंजिनातही क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टचा एक. हिशोब तोच, फक्त माग मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे घेतो.

1960च्या दशकात सोलापूरची ‘जुनी मिल’ बंद पडली. पुढे 1992मध्ये याच शहरात यतीन शहा यांनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू केली. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतून जनरल मोटर्स, फोर्डसारख्या कंपन्यांना कॅमशाफ्ट जाऊ लागले. ‘चिल्ड कास्टिंग’ची युक्ती ऐकण्यासारखी आहे. साच्यात कॅमच्या जागी लोखंडी तुकडे बसवतात. वितळलेलं लोखंड तिथं झटकन थंड होतं आणि कॅमचा पृष्ठभाग अतिशय कठीण बनतो. बाकीचा दांडा सावकाश निवतो, म्हणून तो ठिसूळ होत नाही. एकाच ओतकामात दोन स्वभावांचं लोखंड!

आणि आता इलेक्ट्रिक गाडी आली आहे. तिची मोटर पंधरा हजार फेरेही सहज घेते, कारण तिच्यात व्हॉल्व्ह नाही, स्प्रिंग नाही आणि कॅमही नाही. शंभर वर्षांचं भांडण तिनं मिटवलं, ते भांडणाचं कारणच काढून टाकून. 2018मध्ये सोलापूरच्या या कंपनीनं नेदरलँड्समधल्या इमॉस या इलेक्ट्रिक ट्रक बनवणाऱ्या कंपनीत 51 टक्के हिस्सा घेतला, तो हे ओळखूनच असावा.

गिरणीच्या वेळी कामगाराला इतकी आगाऊ सूचना मिळाली नव्हती. या वेळी मिळाली आहे. भट्टीपाशी उभ्या असलेल्या, लोखंड किती वेळात निवतं हे नजरेनं ओळखणाऱ्या माणसाला पुढचं काम कोणतं, हे ठरवायला अजून वेळ आहे. तो वापरला जातोय का, एवढाच प्रश्न.