कार्पाच्चो: अस्सल कोणता?

खाण्याच्या बाबतीत आपण ‘अस्सल’ म्हणतो, तेव्हा मनात असतं जुनं, गावाकडचं, आजीच्या हातचं. इटलीचा कार्पाच्चो या हिशेबात बसतच नाही.

कार्पाच्चो म्हणजे कच्च्या गोमांसाचे कागदासारखे पातळ काप. त्याचं जन्मस्थान स्वयंपाकघर नव्हे, व्हेनिसचा ‘हॅरीज बार’. जुझेप्पे चिप्रियानी यांनी तो १९३१ साली उघडला. त्यांच्या घरात सांगतात ती हकीकत अशी: १९५० साली अमालिया नानी मोचेनिगो या उमरावीणबाई बारमध्ये आल्या. डॉक्टरांनी त्यांना शिजवलेलं मांस बंद केलं होतं. (आजचे डॉक्टर असं सांगणार नाहीत, गरोदर बाईला तर कच्चं मांस वर्ज्यच.) चिप्रियानींनी कच्च्या मांसाचे काप ताटलीत पसरून दिले. गावात तेव्हा व्हित्तोरे कार्पाच्चो या जुन्या चित्रकाराचं प्रदर्शन चालू होतं. त्याच्या चित्रांतला लाल रंग आठवला आणि पदार्थाला त्याचं नाव मिळालं.

गोष्ट छान आहे, पण कार्पाच्चोचं ते गाजलेलं मोठं प्रदर्शन व्हेनिसच्या राजवाड्यात भरलं १९६३ साली! मग पदार्थ आधीचा आणि नाव मागाहून पडलं, की पदार्थच नंतरचा? मला पहिलं जास्त पटतं. सांगता सांगता दोन वेगळ्या वर्षांच्या गोष्टी एकीत मिसळतात, हे आपल्याही घरी होतंच.

आता वरच्या सॉसचं बघा. चिप्रियानींच्या कृतीत मेयोनेज आहे, त्यात लिंबाचा रस, थोडं दूध आणि वूस्टरशायर सॉस. चमच्यानं त्याच्या आडव्यातिडव्या पांढऱ्या रेघा मांसावर ओढायच्या, बस. म्हणजे या ‘अस्सल इटालियन’ पदार्थाची चव एका इंग्लिश बाटलीतून येते. आज जगभर हॉटेलांत जो मिळतो, ऑलिव्ह तेल, रुकोलाची पानं आणि पार्मेझान चीज घातलेला, तो चिप्रियानींचा नव्हे.

तो जास्त जवळचा आहे पिमोन्ते प्रांतातल्या आल्बा गावाला. तिकडे वासराचं कच्चं मांस खायची रीत हॅरीज बारपेक्षा जुनी. कुणी सुरीनं बारीक चिरतं, कुणी पातळ काप करतं. वर तेल, लिंबू, मीठ. हंगाम असेल तर पांढरा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी सुगंधी अळंबी, तिचे काप. पण त्यामागे ना उमरावीण, ना चित्रकार, ना तारीख. बारमालकाचं नाव राहिलं. आल्बाच्या घराघरांतून ते मांस चिरणाऱ्या हातांचं कुणी लिहून ठेवलं नाही. मला विचाराल तर कार्पाच्चो हे नाव व्हेनिसचं, ते त्यांच्याकडेच राहू द्या. तेल-लिंबाच्या ताटलीला मात्र आल्बाचं नाव द्यायला हवं.

आता तर मासा, बीट, अननस, पातळ कापलं की सगळ्यालाच कार्पाच्चो म्हणतात. चित्रकाराचा लाल रंग त्यातल्या बिटालाच तेवढा शोभतो.