दुरुस्ती कंत्राटदारांचा दायित्व विमा

दुरुस्ती कंत्राटदारांचा दायित्व विमा हा नुकसान झालेल्या किंवा जीर्ण झालेल्या इमारतींची दुरुस्ती, मजबुतीकरण व पुनर्स्थापना करणाऱ्या कंत्राटदारांसाठीचा विमा होय. दुरुस्तीच्या कामामुळे कोणाला इजा झाली, कोणाचा मृत्यू ओढवला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर कंत्राटदारावर भरपाईचे कायदेशीर दायित्व येते. ते दायित्व ठरावीक मर्यादेपर्यंत विमा कंपनी स्वीकारते. हा एकच एक विमा नसून वेगवेगळ्या जोखमींसाठी घेतलेल्या अनेक विमापत्रांचा तो समुच्चय असतो. इमारतीच्या मालकाने आग, पूर, भूकंप इत्यादींसाठी घेतलेला मालमत्तेचा विमा याहून भिन्न आहे. मालमत्तेच्या विम्यात मालकाचे स्वतःचे नुकसान भरून मिळते, तर दायित्व विम्यात विमाधारकाने दुसऱ्याला द्यावयाची भरपाई दिली जाते.

## पार्श्वभूमी

नवे बांधकाम सहसा मोकळ्या भूखंडावर होते. दुरुस्तीचे काम आधीच कमकुवत झालेल्या वास्तूत आणि बहुतेक वेळा रहिवासी आत राहत असतानाच करावे लागते. गंजलेल्या सळया, पोकळ झालेला गिलावा, मुरलेली गळती, पूर्वी कोणी तरी केलेले फेरबदल या गोष्टी काम सुरू होईपर्यंत पूर्णपणे दिसत नाहीत. एका खांबाभोवतीचे काँक्रीट तोडले, की त्याच्यावरील भार तात्पुरता टेकूंवर किंवा शेजारच्या खांबांवर जातो. त्यामुळे दुरुस्तीचा टप्पा हाच इमारतीच्या आयुष्यातील अत्यंत नाजूक टप्पा ठरू शकतो.

यातूनच या विम्यातील मूलभूत प्रश्न उद्भवतो. दिसणारे नुकसान आधीचे आहे की कंत्राटदाराच्या कामामुळे झालेले आहे, हा तो प्रश्न होय. आधीच्या नुकसानीचे दायित्व कंत्राटदारावर येत नाही. नव्या नुकसानीचे येते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी तडे, झुकाव व गळती यांची छायाचित्रांसह नोंद करणे महत्त्वाचे मानले जाते. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून त्यांवर तारीख घालण्याची जुनी पद्धत याच हेतूने वापरली जाते. पट्टी तुटली, तर तडा त्या तारखेनंतर वाढला, असे समजते.

## स्पष्टीकरणात्मक उदाहरण

एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चार मजली इमारतीत खांबांचे जॅकेटिंग व बाहेरील भिंतींच्या गिलाव्याचे काम चालू आहे, अशी कल्पना केल्यास निरनिराळ्या जोखमी पुढीलप्रमाणे वेगळ्या करता येतात.

* परांचीवरून पडून कामगार जखमी झाला. येथे कर्मचारी भरपाई विमा लागू पडतो.
* तोडलेल्या गिलाव्याचा तुकडा रस्त्यावरील पादचाऱ्याच्या डोक्यावर किंवा उभ्या मोटारीवर पडला. हे त्रयस्थ पक्षाबद्दलचे दायित्व होय.
* तोडकामाच्या हादऱ्यांनी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला तडे गेले. यासाठी कंपन व आधार कमकुवत होण्यासंबंधीचे पुरवणी कलम सहसा वेगळे घ्यावे लागते.
* टेकू अपुरे पडल्याने त्याच इमारतीचा वरचा स्लॅब खचला. यासाठी मालकाच्या मूळ मालमत्तेचे पुरवणी कलम आवश्यक असते.
* नवा गिलावा पुढच्याच पावसाळ्यात पोपडे धरून सुटू लागला. हे सदोष काम असून त्याचा खर्च सर्वसाधारणपणे कोणत्याही दायित्व विम्यातून मिळत नाही.

## विम्याचे प्रकार

कंत्राटदारांचा सर्वजोखीम विमा. या विम्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात कराराखालील कामाच्या भौतिक नुकसानीचा, तर दुसऱ्या भागात त्रयस्थ पक्षांच्या इजेचा व मालमत्तेच्या हानीचा समावेश असतो. भारतात दुसरा भाग जादा हप्ता देऊन घ्यावा लागतो. नावात ‘सर्वजोखीम’ असले, तरी विमापत्रात अपवादांची मोठी यादी असते.

सार्वजनिक दायित्व विमा. एका विशिष्ट कामापुरता मर्यादित न राहता कंत्राटदाराच्या संपूर्ण व्यवसायातून उद्भवणारे त्रयस्थांचे दावे यात येतात. भरपाईची मर्यादा एका घटनेसाठी आणि संपूर्ण विमाकाळासाठी अशी दोन प्रकारे ठरवलेली असते.

कर्मचारी भरपाई विमा. कामावर असताना झालेली इजा किंवा मृत्यू यांबद्दल कामगाराला अथवा त्याच्या वारसांना द्यावयाच्या रकमेसाठी हा विमा घेतला जातो. कामगार हे ‘त्रयस्थ’ मानले जात नसल्याने त्यांच्यासाठी हा स्वतंत्र विमा लागतो.

व्यावसायिक क्षतिपूर्ती विमा. संरचना अभियंता व वास्तुविशारद यांच्या सल्ल्यातील किंवा आराखड्यातील चुकीसाठी हा विमा असतो. कंत्राटदार स्वतःच दुरुस्तीचा आराखडा करीत असेल, तर त्यालाही याची गरज भासते.

## मूळ इमारतीचा प्रश्न

दुरुस्तीच्या कामात सर्वांत मोठी उणीव राहते ती मूळ इमारतीबाबत. सर्वजोखीम विम्याच्या पहिल्या भागात ‘कराराखालील काम’ म्हणजे नव्याने केलेले काम संरक्षित असते. जुनी इमारत त्यात मोडत नाही. दुसऱ्या भागात त्रयस्थांची मालमत्ता संरक्षित असते. परंतु काम देणाऱ्या मालकाची, तसेच कंत्राटदाराच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेली मालमत्ता त्यातून वगळलेली असते. परिणामी ज्या इमारतीची दुरुस्ती चालू आहे आणि जिला सर्वाधिक धोका आहे, तीच दोन्ही भागांच्या मधल्या फटीत सापडते.

ही फट बुजवण्यासाठी मालकाच्या सभोवतालच्या किंवा विद्यमान मालमत्तेचे पुरवणी कलम जादा हप्ता भरून घेता येते. त्यात इमारतीचे मूल्य आणि भरपाईची मर्यादा स्पष्टपणे नमूद करावी लागते. गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. काम देणारी संस्था असते, पण सदनिकांतील सामान सभासदांचे असते. सभासद व भाडेकरू यांना त्रयस्थ मानले जाईल का, हे विमापत्राच्या शब्दरचनेवर अवलंबून असल्याने ते आधीच लिहून घेणे हिताचे ठरते.

मालकाचा स्वतःचा मालमत्ता विमा असला, तरी कंत्राटदार सुटतोच असे नाही. मालकाला भरपाई दिल्यानंतर त्याची विमा कंपनी मालकाच्या जागी उभी राहून दोषी कंत्राटदाराकडून ती रक्कम वसूल करू शकते. हे टाळण्यासाठी काही करारांत मालक व कंत्राटदार या दोघांच्या संयुक्त नावाने विमा घेतला जातो.

## सामान्य अपवाद

सदोष काम किंवा सदोष साहित्य बदलण्याचा खर्च, हेतुपुरस्सर केलेले कृत्य, दंड, करारातील विलंबाची भरपाई आणि सामान्य झीज या बाबी बहुतेक विमापत्रांत वगळलेल्या असतात. मात्र सदोष कामामुळे अन्य मालमत्तेची जी हानी होते, ती अनेकदा संरक्षित असते. वेल्डिंग किंवा ज्योतीचा वापर असलेल्या कामांसाठी अग्निशामक जवळ ठेवणे, काम संपल्यावर ठरावीक काळ देखरेख ठेवणे अशा अटी घातल्या जातात. त्या मोडल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. बुरशी, अ‍ॅस्बेस्टॉस व प्रदूषण यांचे दायित्वही बहुधा वगळलेले असते.

## भारतातील कायदेशीर स्थिती

दुरुस्ती कंत्राटदाराने त्रयस्थांसाठी दायित्व विमा घ्यावा, असे बंधन प्रामुख्याने करारातून येते. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ या नावामुळे अनेकदा गैरसमज होतो. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर झालेला हा कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्या आस्थापनांसाठी आहे. सामान्य इमारत दुरुस्तीला तो लागू होत नाही.

कामगारांच्या बाबतीत कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ या कायद्याने नियोक्त्यावर दायित्व टाकले. या कायद्याच्या कलम १२ नुसार, मुख्य नियोक्त्याच्या व्यवसायाचा भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेतले जात असेल, तर कामगार मुख्य नियोक्त्याकडेही भरपाई मागू शकत असे आणि नियोक्ता ती कंत्राटदाराकडून वसूल करू शकत असे. उपकंत्राटदार नेमणाऱ्या मोठ्या कंत्राटदाराच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची होती. या कायद्याचा विषय पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला.

इमारतीच्या मालकाच्या जबाबदारीबाबत दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा निवाडा महत्त्वाचा मानला जातो. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून काही जणांचा मृत्यू झाला होता. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, तर अशा बांधकामाचे आयुर्मान ४० ते ४५ वर्षे असल्याचा पुरावा न्यायालयापुढे आला. रस्त्यालगतच्या वास्तूची निगा राखण्याचे कर्तव्य मालकावर असून दोष वरून दिसत नव्हता, एवढ्याने सुटका होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. दुरुस्ती टाळणे हेही दायित्वाचे कारण ठरते, हे या निवाड्याने स्पष्ट झाले.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये नव्या इमारतीतील संरचनात्मक दोषांसाठी विकासकावर ताबा दिल्यापासून ५ वर्षांची जबाबदारी आहे. विक्री, जाहिरात किंवा नवे वाटप नसलेल्या दुरुस्तीच्या कामांना या कायद्याखालील नोंदणी लागत नाही. म्हणून दुरुस्तीनंतरच्या दोषांची जबाबदारी करारातील ‘दोष दायित्व कालावधी’ या कलमातून निश्चित करावी लागते.

### महाराष्ट्र

मुंबई शहरातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा होऊन मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अस्तित्वात आले. पुढे ते म्हाडाचा भाग झाले. मंडळाच्या कक्षेतील इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५३ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर ५ वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतींची दर ३ वर्षांनी तपासणी सांगितली आहे. या तपासणीचा अहवाल विम्याच्या दृष्टीनेही कळीचा असतो, कारण कामापूर्वीच्या स्थितीचा तो लेखी पुरावा होय.

## अन्य देश

युनायटेड किंग्डम. कामगारांसाठीचा दायित्व विमा १९६९ च्या कायद्याने सक्तीचा झाला. गोल्ड विरुद्ध पॅटमन अँड फॉदरिंगहॅम या १९५८ च्या खटल्यातून वेगळाच प्रश्न पुढे आला. कंत्राटदाराचा निष्काळजीपणा नसतानाही शेजारच्या इमारतीचे नुकसान झाले आणि कंत्राटदाराने केवळ स्वतःपुरता विमा घेतलेला असल्याने मालक असंरक्षित राहिला. त्यानंतर प्रमाणित बांधकाम करारांत अशा हानीसाठी मालकाच्या विम्याचे स्वतंत्र कलम आले. विद्यमान इमारतीत काम करताना मालकाने संयुक्त नावाने विमा घ्यावा, असा पर्यायही या करारांत आहे.

ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची मॅकिन्टॉश इमारत मे २०१४ मध्ये आगीत होरपळली. पुनर्स्थापनेचे काम बरेच पुढे गेले असताना १५ जून २०१८ रोजी दुसरी आग लागून ती जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली आणि शेजारच्या वास्तूंनाही झळ पोहोचली. अग्निशमन दलाच्या २०२२ च्या अहवालात आगीचे निश्चित कारण सांगता आले नाही. दायित्व सिद्ध करण्यासाठी कारण सिद्ध व्हावे लागते आणि मोठ्या आगीत पुरावाच जळून जातो, ही या विम्यातील अडचण अशा घटनांतून ध्यानात येते.

अमेरिका. तेथे कंत्राटदार मुख्यतः व्यावसायिक सर्वसाधारण दायित्व विमा घेतात. विडो प्रकरणात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये पुढील भेद स्पष्ट केला. भिंतीचा गिलावा खराब होऊन पुन्हा करावा लागला, तर तो कंत्राटदाराचा व्यवसायातील धोका होय. तोच गिलावा कोसळून कोणाला इजा झाली, तर ते विम्यातील दायित्व होय. पाण्याने भिजलेल्या घरांची दुरुस्ती करणाऱ्यांना बुरशीच्या दाव्यांसाठी प्रदूषण दायित्वाचा वेगळा विमा घ्यावा लागतो. १९७८ पूर्वीच्या घरांतील शिसेयुक्त रंगासंबंधीचे नियमही त्यांच्यावर बंधनकारक आहेत.

## विमा घेणे व दावा करणे

विम्याचा करार परम सद्भावनेच्या तत्त्वावर आधारलेला असतो. इमारतीचे वय, तपासणी अहवालातील निष्कर्ष, धोकादायक असल्याची नोटीस, रहिवासी आत आहेत की नाहीत, या गोष्टी दडवल्यास विमा निष्फळ ठरू शकतो. केवळ विम्याचे प्रमाणपत्र पाहणे पुरेसे नसते. विमाधारकाचे नाव, कामाचे ठिकाण, मुदत, भरपाईची मर्यादा, विमाधारकाने स्वतः सोसावयाची रक्कम आणि जोडलेली पुरवणी कलमे तपासावी लागतात. काम लांबल्यास मुदत वाढवून घ्यावी लागते.

अपघात घडल्यावर विमा कंपनीला तत्काळ लेखी सूचना देणे, घटनास्थळाची नोंद ठेवणे आणि कंपनीच्या संमतीशिवाय दायित्व कबूल न करणे या सर्वसाधारण अटी होत. जखमींना मदत करणे म्हणजे दायित्वाची कबुली नव्हे. नुकसानीचे मूल्यांकन परवानाधारक सर्वेक्षक करतात.

## मर्यादा

दायित्व विमा हा सुरक्षिततेला पर्याय नाही. मुंबईतील घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी सिद्धिसाई ही इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्यापूर्वी तिच्या तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते. अशा दुर्घटनेत पैशाने भरून निघणारी हानी अल्पच असते. शिवाय विनापरवाना संरचनात्मक फेरबदल केल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. भरपाईची मर्यादा संपल्यावर उरलेली रक्कम कंत्राटदाराला स्वतः द्यावी लागते आणि लहान कंत्राटदाराकडे ती नसल्यास पीडितांच्या हाती फक्त न्यायालयाचा हुकूमनामा उरतो. म्हणूनच टेकूंचा आराखडा, अभियंत्याची देखरेख आणि गरज पडल्यास रहिवाशांचे तात्पुरते स्थलांतर यांनाच पहिले स्थान दिले जाते. विम्याचे स्थान त्यानंतरचे आहे.

## हे सुद्धा पहा

* विमा
* सहकारी गृहनिर्माण संस्था
* म्हाडा
* भोपाळ वायुदुर्घटना