सफाई सॉफ्टवेअरची कुळकथा

नॉर्थ कॅरोलिनातलं मॉरिसव्हिल हे रॅली आणि डरहॅमच्या मधलं, विमानतळाला लागून असलेलं गाव. २०२० च्या जनगणनेत वस्ती तीस हजारांच्या आसपास. शेजारीच रिसर्च ट्रँगल पार्क असल्यामुळे आयटीतली भारतीय घरं इथे पुष्कळ. हिंदू सोसायटीचं मंदिर गावातच आहे, आणि चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामनेही झाले. लेनोवोचं अमेरिकेतलं मुख्यालय याच गावात आहे. आयबीएमचा पीसी व्यवसाय २००५ मध्ये विकत घेतल्यावर थिंकपॅडचा कारभार या परिसरातूनच चालत आला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये या कंपनीवर एक वेळ आली. आपणच विकलेल्या लॅपटॉपवर आपणच घातलेलं सॉफ्टवेअर काढण्यासाठी तिला एक सफाई प्रोग्रॅम लिहून लोकांना फुकट द्यावा लागला. कॉम्प्युटर स्वच्छ करण्याचं आश्वासन देणारे प्रोग्रॅम तोवर तीसेक वर्षं बाजारात होते. ते कुठून आले आणि कशाकरता आले, हे पाहिल्याशिवाय ते वापरावेत की नाही याचं उत्तर मिळत नाही.

या कुळाचा मूळ पुरुष साफ करणारा नव्हताच. पुसलेलं परत आणणं हे त्याचं काम होतं. पीटर नॉर्टन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरच्या हातून स्वतःची एक फाइल चुकून पुसली गेली. सगळं पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा त्यानं ती परत मिळवणारा प्रोग्रॅमच लिहिला. १९८२ मध्ये नॉर्टन युटिलिटीज बाजारात आल्या, त्यात हा ‘अनइरेज’ मुख्य होता. डॉसमध्ये फाइल पुसली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदललं जाई आणि ती जागा रिकामी असल्याची नोंद होई. मजकूर डिस्कवर जसाच्या तसा पडून असे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाण्याआधी हा प्रोग्रॅम चालवला, ते एक अक्षर पुन्हा भरलं, की फाइल परत. दिलेलं काम तो खरोखर करत असे, आणि ते झालं की नाही हे वापरणाऱ्याला तिथल्या तिथे दिसत असे.

पुढच्या पिढीची गरजही खरी होती. पहिल्या आयबीएम पीसीची फ्लॉपी १६० केबीची. १९८३ मध्ये एक्सटी आला तो १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन. आज मोबाइलवर काढलेले चार-पाच फोटोसुद्धा त्यात मावणार नाहीत. अशा डिस्कवर प्रत्येक फालतू फाइल जागा अडवून बसे. शिवाय फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरले की वाचणारं हेड इकडून तिकडे धावत राही. ते तुकडे सलग लावणं म्हणजे डीफ्रॅग. त्यानं वेग खरोखर वाढत असे. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जो डीफ्रॅग दिला तो सिमँटेककडून परवान्यावर घेतलेला होता, आणि नॉर्टनची कंपनी सिमँटेकनं १९९० मध्येच घेतली होती. विंडोज ९८ मध्ये डिस्क क्लीनअपही आला. एमएस-सीआयटी केलेल्या पिढीला ही दोन्ही नावं आणि स्क्रीनवर सरकणारे ते रंगीत चौकोन नक्की आठवतील.

म्हणजे ९० च्या दशकाअखेर या कुळाची उपयोगी माणसं विंडोजच्या घरातच राहायला आली होती, तीही फुकट. बाहेर विकायला काय उरलं, तर रजिस्ट्री आणि भीती.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजनं आणि इतर प्रोग्रॅमनी आपापल्या सेटिंग्ज नोंदवून ठेवायची जागा. विंडोज ३.१ मध्ये ती छोटी होती, विंडोज ९५ पासून सगळाच कारभार तिच्यावर चालू लागला. प्रोग्रॅम काढला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरं. म्हणून कॉम्प्युटर स्लो होतो, हे मात्र खोटं. विंडोज संपूर्ण रजिस्ट्री पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, लागणारी नोंद तिच्या नेमक्या वाटेनं शोधतं. हजारभर अनाथ नोंदी काढून टाकल्या तरी जागा वाचते ती नगण्य आणि वेग वाढत नाही. उलट त्यातली एखादी चुकून कामाची निघाली तर प्रिंटर बंद पडतो, एखादा प्रोग्रॅम उघडत नाही, कधी विंडोजच सुरू होत नाही. मायक्रोसॉफ्टनं एके काळी स्वतःचा रेगक्लीन काढला होता, तोही नंतर मागे घेतला. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही, असं आता कंपनी स्पष्ट सांगते.

याच काळात सॉफ्टरॅम आलं. १९९५ मध्ये सिंक्रोनिस कंपनीचं हे सॉफ्टवेअर मेमरी दुप्पट करून देतो म्हणून विकलं गेलं. रॅम तेव्हा महाग होती, त्यामुळे सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जाणकारांनी आतला कोड उलगडून पाहिला तेव्हा विंडोज ९५ वर मेमरी वाढवणारं त्यात काहीच सापडलं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९६ मध्ये कंपनीवर कारवाई केली. तरी ‘रॅम बूस्टर’ नावानं हा वंश अजून चालूच आहे. हे प्रोग्रॅम रॅममधला मजकूर जबरदस्तीनं डिस्कवर ढकलतात. पडद्यावर रिकाम्या रॅमचा मोठा आकडा दिसतो, पण पुढच्याच मिनिटाला तोच मजकूर डिस्कवरून परत आणावा लागतो आणि कॉम्प्युटर आधीपेक्षा जास्त रखडतो.

पुण्यातही या कुळाची एक शाखा आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून पुढे आलेले कैलास काटकर आणि प्रोग्रॅमिंग शिकलेले त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदीच्या दशकात क्विक हील उभं केलं, ते व्हायरस काढण्यासाठी. फ्लॉपीवरून पसरणारे व्हायरस तेव्हा पेठेतल्या प्रत्येक दुकानातल्या पीसीत होते, म्हणजे गरज शंभर टक्के खरी. पुढे त्यांच्या टोटल सिक्युरिटीत पीसीट्यूनर नावानं सफाईचा भागही आला. जगभरातल्या बहुतेक अँटिव्हायरस कंपन्यांनी हेच केलं. गिऱ्हाइकाला व्हायरस डोळ्यांनी दिसत नाही, पण ‘अमुक इतके जीबी साफ केले’ हा आकडा दिसतो. बाजाराचं गणित म्हणून मला हे समजतं. वापरणाऱ्याला मात्र दोन्हींतला फरक कोणी सांगितला नाही.

२००३ मध्ये लंडनच्या पिरिफॉर्मनं सीक्लीनर काढला. फुकट, आटोपशीर आणि बराचसा प्रामाणिक. ब्राउझरची कॅशे, तात्पुरत्या फाइली, उघडलेल्या कागदपत्रांच्या खुणा तो झटपट काढायचा. फॉरमॅट मारून देणारा गल्लीतला कॉम्प्युटरवाला ठरलेल्या सॉफ्टवेअरबरोबर हेही टाकून द्यायचा. कोट्यवधी लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला, आणि २०१७ मध्ये हल्लेखोरांनी नेमका तोच विश्वास वापरला. पिरिफॉर्मच्या यंत्रणेत शिरून त्यांनी सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत स्वतःचा कोड मिसळला. १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या काळात ही आवृत्ती कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून, कंपनीच्याच खऱ्या डिजिटल सहीनिशी वाटली जात होती. सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ती पोचली. हल्ल्याचा दुसरा टप्पा मोजक्या चाळीसेक मशीनवर उतरवला गेला, कारण रोख बड्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता. पिरिफॉर्म त्याआधी जुलैमध्येच अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं घेतली होती. वापरणाऱ्यांची यात काहीही चूक नव्हती. सफाई प्रोग्रॅमला सगळीकडे फिरायची, काहीही पुसायची, सतत चालू राहायची परवानगी लागते. तो बिघडला तर ती सगळी परवानगी बिघडवणाऱ्याच्या हाती जाते.

मोबाइलवरही हेच झालं. चीता मोबाइलचं क्लीन मास्टर अँड्रॉइडवर प्रचंड चाललं. गुगलनं २०२० मध्ये त्या कंपनीची ॲप प्ले स्टोअरवरून काढली. त्याच वर्षी २९ जूनला भारत सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. लक्षात राहिलं ते टिकटॉक, पण यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, कॅशे क्लीनर, व्हायरस क्लीनर अशी सफाईवाली मंडळीही होती.

आता भीतीचा धंदा. यातलं एक प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी दुकानांची साखळी. तिथे कॉम्प्युटर नेला की ‘पीसी हेल्थ चेक’ ही फुकट तपासणी व्हायची. सुरुवातीला चार प्रश्नांच्या चौकटी यायच्या. कॉम्प्युटर स्लो झालाय का, मध्येच बंद पडतो का, व्हायरसच्या सूचना येतात का, पॉप-अप उघडतात का. यातल्या एका जरी चौकटीवर खूण केली की स्कॅन पट्टी भरत जायची आणि शेवटी ‘मालवेअरची लक्षणं आढळली’ असा निकाल यायचा. त्या निकालाचा स्कॅनशी संबंधच नव्हता, तो त्या चौकटींवरून आधीच ठरलेला असे. मग शेकडो डॉलरची दुरुस्ती. २०१६ मध्ये सिएटलच्या एका टीव्ही वाहिनीनं कोरे करकरीत कॉम्प्युटर या दुकानांत नेले, त्यांनाही हाच आजार निघाला. २०१९ मध्ये ऑफिस डेपोनं अडीच कोटी आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमनं एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. २०२४ मध्ये रिस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसमधल्या कंपन्यांनाही खोट्या इशाऱ्यांवर दुरुस्ती विकल्याच्या आरोपावरून २ कोटी ६० लाख डॉलर भरावे लागले.

मॉरिसव्हिलचं प्रकरण याहून वेगळं आहे, कारण तिथे घाण खरी होती आणि ती कारखान्यातूनच आली होती. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोवोनं घरगुती वापराच्या लॅपटॉपवर सुपरफिश कंपनीचं व्हिज्युअल डिस्कव्हरी हे सॉफ्टवेअर आधीच घालून दिलं. एकट्या अमेरिकेत असे साडेसात लाखांहून जास्त लॅपटॉप विकले गेले. तुम्ही खरेदीसाठी एखाद्या वस्तूचं चित्र पाहिलंत की हे सॉफ्टवेअर तशाच वस्तूंच्या जाहिराती समोर आणायचं. सुरक्षित कुलूप असलेल्या पानांतही डोकावता यावं म्हणून त्यानं विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवलं. ब्राउझरला मग बँकेच्या पानाची ओळखसुद्धा सुपरफिशच पटवून देई. त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञानं तिचा पासवर्ड काही तासांत शोधला. ज्या कंपनीचा कोड सुपरफिशनं वापरला होता तिचं नाव, कोमोडिया, हाच तो पासवर्ड. आता कॅफेतल्या वायफायवर बसलेल्या कोणालाही शेजारच्या लॅपटॉपपुढे बँक असल्याची बतावणी करता येत होती.

कंट्रोल पॅनेलमधून सॉफ्टवेअर काढलं तरी प्रमाणपत्र मागेच राही. म्हणून लेनोवोला तो खास प्रोग्रॅम द्यावा लागला. विंडोज डिफेंडरनंही ते प्रमाणपत्र काढायला सुरुवात केली. ज्या क्लीनरसाठी लोक पैसे मोजत होते, त्यांना या घाणीचा पत्ताही नव्हता. त्यांचं लक्ष कुकी आणि तात्पुरत्या फाइली मोजण्यावर होतं.

२०१५ मध्येच त्याहूनही खोलवरचं काही उघड झालं. लेनोवोच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, लेनोवो सर्व्हिस इंजिन नावाचा तुकडा होता. बायोसमधून एखादा प्रोग्रॅम सुरू करून देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं विंडोज ८ पासून ठेवली आहे, तिचा त्यानं उपयोग केला. हार्ड डिस्क फॉरमॅट मारा, विंडोज नव्यानं टाका, तो हजर, आणि इंटरनेट जोडलं की वनकी ऑप्टिमायझर नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावायचा. या ऑप्टिमायझरच्या कामांत ड्रायव्हर अद्ययावत करण्याबरोबर जंक फाइली शोधणंही होतं. जंक शोधणाराच जंक होऊन बायोसमध्ये बसला होता, आणि ज्या फॉरमॅटवर आपल्याकडे सगळ्यांचा भरवसा, तोही त्याच्यापुढे चालला नाही. सुरक्षेतली त्रुटी सापडल्यावर ३१ जुलै २०१५ ला लेनोवोनं तो बंद करणारं बायोस अपडेट दिलं. थिंकपॅडमध्ये सुपरफिश आणि हे इंजिन, दोन्ही नव्हतं, हेही सांगायला हवं. सुपरफिशबद्दल २०१७ मध्ये तडजोड झाली. ३२ राज्यांना मिळून ३५ लाख डॉलर, आणि आधी घातलेल्या सॉफ्टवेअरची सुरक्षा वीस वर्षं तपासून घेण्याचं बंधन.

मग वापरावं की नाही? माझं उत्तर नाही असंच आहे. नावाजलेला क्लीनर घेतलात तर बहुधा नुकसान होणार नाही, पण पैसे देण्याजोगा फायदाही होणार नाही. ब्राउझरची कॅशे रोज पुसली तर तीच पानं रोज नव्यानं उतरवावी लागतात. एसएसडीला डीफ्रॅग लागत नाही, तिची निगा विंडोज आपणहून राखतं. जागा हवी असेल तर सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये स्टोरेज उघडा आणि स्टोरेज सेन्स चालू करा. मात्र डाउनलोड्स फोल्डर पुसण्याचा पर्याय निवडण्याआधी त्यात काय आहे ते बघा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या यादीतून न लागणारे प्रोग्रॅम बंद करा. जुना कॉम्प्युटर खरोखर रखडत असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि थोडी जास्त रॅम, एवढ्यानं जो फरक पडतो तो कुठल्याच सॉफ्टवेअरनं पडत नाही.

परदेशात असलेल्या मुलामुलींना एक विनंती. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा आईबाबांचा लॅपटॉप उघडून बसा. ‘बूस्टर’, ‘क्लीनर’, ‘ऑप्टिमायझर’ असं जे काही असेल ते काढून टाका आणि स्टोरेज सेन्स चालू करून द्या. स्क्रीनवर लाल अक्षरांत शेकडो चुका दिसल्या आणि खाली फोन नंबर आला, तर तो नंबर फिरवायचा नाही, कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप घालायचं नाही, आधी तुम्हाला फोन करायचा, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.