छपरावरचे ओझे

मृग जवळ आला की कोकणातील घरधनी शाकारणीला लागतो. कौले उतरवावी, फुटकी बदलावी, वासे तपासावे. आणि हे काम एकदा उरकले की पाऊस कितीही कोसळो, छपरावर पुन्हा चढण्याचा प्रसंग सहसा येत नाही. पाणी येते तसे वाहून जाते. परंतु आकाशातून पडणारी वस्तू जेव्हा वाहून जात नाही, पडते तेथेच थरावर थर धरून बसते, तेव्हा घर राखण्याचा अर्थच पालटतो. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील एचिगो, म्हणजे आजच्या निईगाता प्रांतातील लोकांना हा अनुभव शतकानुशतके आलेला आहे.

हा प्रदेश ध्रुवाजवळचा नव्हे. त्याचा अक्षांश सुमारे 37, म्हणजे भूमध्य समुद्रातील सिसिली बेटाच्या जवळपासचा. परंतु हिवाळ्यात सैबेरियावरून सुटणारे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रातील उबदार प्रवाहावरून येताना बाष्पाने जड होतात आणि डोंगरांना अडून आपला सारा भार हिमाच्या रूपाने टाकतात. ताकादा या गावी 26 फेब्रुवारी 1945 रोजी जमिनीवरील हिमाची खोली 377 सेंटिमीटर भरली होती. पडताना पिसासारखे वाटणारे हे हिम दबले, की त्याच्या एका घनमीटराचे वजन 300 किलोग्रॅमपर्यंत जाते. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर असा एक मीटर थर साचला, तर घराच्या डोक्यावर तीस टनांचे ओझे आले असे समजावे.

या ओझ्याचा पहिला मोठा वृत्तांत लिहिला तो एका व्यापाऱ्याने. सुझुकी बोकुशी हा 1770 साली शिओझावा गावी जन्मला. तेथील तलम चुणीदार कापडाचा तो व्यापार करी. ऐन तारुण्यात माल विकण्यासाठी तो एदो या राजधानीत, म्हणजे आजच्या तोकियोत, गेला. राजधानीतल्या लोकांना हिम ठाऊक होते ते एक शोभा म्हणून. आपल्या गावचे हिम त्यांच्या कल्पनेतही नाही, हे त्याच्या ध्यानी आले. मग त्याने जे लिहावयास घेतले ते प्रसिद्ध होण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. ‘होकुएत्सु सेप्पु’ या त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग 1837 साली बाहेर पडला, तेव्हा लेखक सदुसष्ट वर्षांचा होता.

बोकुशी सांगतो की इतरत्र लोक हिम झाडतात, त्याच्या गावी ते खणावे लागते. बोलण्यातला शब्दही ‘खणणे’ हाच. न खणावे तर दारे बुजतात आणि भक्कम घरही भाराखाली चिरडण्याची भीती. खणण्याचे हत्यार म्हणजे बीच वृक्षाच्या लाकडाचे रुंद पात्याचे फावडे. ते हलके असून मोडत नाही. डोंगरातील लोक ही फावडी घडवून खालच्या गावांत विकीत, आणि ते ज्याच्या घरी नाही असे घर नसे.

याच ठिकाणी बोकुशीने एक भेद नोंदवून ठेवला आहे. मोठ्या घरचा धनी आपले सारे चाकर कामाला लावतो. तेवढ्याने भागले नाही तर रोजाने मजूर बोलावतो आणि कित्येक माणसांच्या बळावर सगळे छप्पर एका दमात मोकळे करून घेतो. घाई अशासाठी, की खणता खणताच पुन्हा मोठे हिम पडले तर माणसाचे काही चालत नाही. गरिबाला मजुरी परवडत नाही. तेथे बाया-पुरुष सारे घरच खणावयास उभे राहते. परंतु दिवसभर कष्ट आणि पैसा ओतून छपर मोकळे करावे आणि रात्रीतून पुन्हा तेवढेच साचावे, असेही घडते. मग सकाळी धनी आणि चाकर दोघेही मान खाली घालून उसासा टाकतात. हिमापुढे तेवढ्यापुरते दोघे सारखे होतात, पण खर्चापुढे होत नाहीत.

हा भार एकट्या घराने सोसण्याजोगा नाही, ही जाणीवही तितकीच जुनी आहे. ताकादाच्या पेठेत प्रत्येक घरमालकाने आपली पडवी आपल्याच जागेत रस्त्याच्या बाजूला पुढे काढली. या पडव्या एकमेकींना जोडून लांबच लांब झाकलेली वाट तयार झाली. तिला ‘गांगी’ म्हणतात. छपरांवरून लोटलेले हिम रस्त्यात डोंगरासारखे साचले, तरी खालून वाटसरू कोरड्या पायांनी चालत जाई. जागा खाजगी आणि वाट सर्वांची, असा हा करार होता.

विसाव्या शतकात या कामात शासन आणि यंत्र दोन्ही उतरली. नागाओका शहरात 1961 साली रस्त्यात नळ पुरून भूगर्भातील पाणी फवारण्याची युक्ती अमलात आली. हे पाणी हिवाळ्यातही तेरा-चौदा अंशांच्या आसपास असते, त्यामुळे हिम आपोआप वितळते. अतिहिमाच्या प्रदेशांसाठी खास कायदा 1962 साली झाला, आणि लगेच 1963 च्या जानेवारीत असे हिम कोसळले की देशभर मृत व बेपत्ता मिळून 231 माणसे गेली. नळांचे जाळे पुढे वाढत गेले. पण पाण्याच्या अति उपशाने काही ठिकाणी जमीन खचू लागली. बोकुशीचे शिओझावा आज ज्या मिनामिउओनुमा शहरात मोडते, तेथेही हा प्रश्न उभा राहिला.

रस्ते मोकळे झाले, छपरे मात्र घरधन्याकडेच राहिली. आणि घरात हात उरले होते कोणाचे? हिवाळ्यात शेती बंद, म्हणून पुरुष मद्याच्या भट्ट्यांवर आणि तोकियोच्या बांधकामांवर मजुरीला जात. मागे राहणाऱ्या स्त्रिया आणि वृद्ध. हिम उचलून न टाकता ढकलत नेता यावे म्हणून पत्र्याचे एक मोठे सुपासारखे अवजार पुढे प्रचारात आले; त्याला लोकांनी नावच दिले ‘मामा-सान दंपु’, जपानी बोलीत आईने चालवावयाचा डंपर. त्या नावात थट्टा आहे, तशी त्या काळच्या घरांची परिस्थितीही आहे. त्यानंतरची पिढी हिवाळ्यापुरती नव्हे, कायमचीच शहरात गेली.

याचा हिशेब 2005-06 च्या हिवाळ्यात पुढे आला. त्या वर्षी जपानमध्ये हिमामुळे 152 माणसे दगावली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश पासष्टीच्या पुढची होती, आणि बहुतेकांना मृत्यू आला तो हिम हटविताना: कोणी छपरावरून घसरले, कोणी छपरावरून सुटलेल्या हिमाखाली गाडले गेले. वादळाने किंवा कडेलोटाने नव्हे, तर घर राखण्याच्या नित्याच्या कामाने त्यांचा बळी घेतला.

तेव्हापासून या कामाकडे सार्वजनिक प्रश्न म्हणून अधिक बारकाईने पाहिले जाऊ लागले. 1962 च्या कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन ओसाड घरांवरील हिमाचाही त्यात विचार झाला. अनेक नगरपालिका एकट्या वृद्धांना मजुरीच्या खर्चात साहाय्य देतात, आणि शहरांतून स्वयंसेवक फावडी घेऊन खेड्यांत जातात. अनेक नव्या घरांची छपरे हिम आपोआप घसरून पडावे अशी तीव्र उताराची असतात.

बोकुशीच्या काळी ज्याच्याजवळ पैसा, त्याला मजूर मिळत असे. आज पैसा हाती असूनही एखाद्या डोंगरी गावात छपरावर चढणारा तरुण मिळत नाही. हिम पूर्वीइतकेच जड आहे. ते उतरवणारे हात कोठून आणावयाचे, हा प्रश्न मात्र आता एका घराचा राहिलेला नाही. ताकादाच्या पेठेत जुन्या गांगीचे काही भाग अजून उभे आहेत, आणि हिम पडू लागले की त्यांच्या खालून वाटसरू आजही जातात.