२ ऑगस्ट १९५४ : सिल्वासा मुक्त

विवळवेढ्याच्या महालक्ष्मी मंदिरापासून उत्तरेला, तलासरीची हद्द ओलांडली की १९५४ पर्यंत पोर्तुगीज राज्य सुरू होई. पेशव्यांनी १७७९ च्या तहानुसार नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांना दिला होता. पुढे पोर्तुगीजांनी तिथे मालकीच सांगितली. सीमेच्या दोन्ही बाजूंना वारली वस्ती, सरकारे मात्र दोन.

जुलै १९५४ मध्ये आधी दादरा, मग नरोली मुक्त झाले. २ ऑगस्टला स्वयंसेवकांनी राजधानी सिल्वासा घेतली. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावे. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे निसटला आणि ११ ऑगस्टला तलासरी तालुक्यातल्या उधव्यात भारतीय पोलिसांना शरण आला. तलासरीच्या शाळांत हा प्रसंग शिकवलाच पाहिजे.

पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० च्या निकालाने भारतीय हद्दीतून सैन्य नेण्याचा त्याचा हक्क नाकारला. दरम्यान सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी सनदी अधिकारी के. जी. बदलानी एका दिवसापुरते या मुलखाचे ‘पंतप्रधान’ झाले! ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेलीचा हा मुलूख केंद्रशासित प्रदेश झाला.

२६ जानेवारी २०२० पासून तो दमण-दीवला जोडला आहे. विधानसभा नाही, केंद्राने नेमलेला प्रशासक कारभार पाहतो. लोकसभेत या संयुक्त प्रदेशाचे दोन खासदार, आणि उच्च न्यायालय मुंबईचेच.