रानपिंगळ्याची साक्ष

जगात पक्ष्यांच्या जाती किती, असे एखाद्या मुलाने विचारले, तर अकरा हजारांच्या वर, असे उत्तर आज आपणांस देता येते. हे उत्तर तयार व्हावयास मात्र अडीच शतकांहून अधिक काळ लागला आहे. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ साली प्राणिमात्रांची पद्धतशीर नावनिशी केली, तेव्हा त्याच्या यादीत पक्ष्यांच्या जाती सहाशेही नव्हत्या. पुढे गलबते दूरदूरच्या बेटांना लागली, अधिकारी व मिशनरी अरण्यांतून हिंडू लागले, आणि यादी वाढत गेली. तिच्यातील बहुतेक नावांमागे एक पुरावा उभा असतो. संग्रहालयाच्या खणात जपून ठेवलेले कातडे आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी, हा तो पुरावा होय. पक्षी कोठे, केव्हा व कोणी मिळविला, एवढाच मजकूर त्या चिठ्ठीवर असतो. तो खोटा निघाला तर काय घडते, हे सातपुड्यातील एका लहानशा घुबडाच्या कथेवरून कळते. हे घुबड म्हणजे रानपिंगळा.

गावाकडच्या वडापिंपळांवर कलकलाट करणारा ठिपकेदार पिंगळा आपल्या ओळखीचा आहे. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद. परंतु याच्या डोक्यावर व पाठीवर ठिपके जवळजवळ नसतात, चोच व पंजे अधिक दणकट असतात, आणि हा भरदिवसा शिकार करतो. आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात १८७२ साली एफ. आर. ब्ल्यूइट यांना तो मिळाला, व पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ब्ल्यूइट यांचे नाव देऊन त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे ह्यूम आपणांस ठाऊक आहेत. भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतही त्यांची गणना होते. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात आणखी काही पक्षी मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दृष्टिआड झाला. साऱ्या जगात त्याची अवघी सात कातडी उरली होती.

अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे नामवंत ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षितज्ज्ञ. १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळविला, असे त्यांच्या संग्रहातील एक चिठ्ठी सांगत होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर शंका कोण घेणार? कर्नल १९६७ साली वारले, चिठ्ठी मात्र प्रमाण मानली गेली.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही कातडी बारकाईने तपासली. कातडे सोलून भरण्याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी वेगळी असते. हस्ताक्षरावरून लेखक ओळखावा, तसा कातड्यावरून तो हात ओळखता येतो. कर्नलांच्या कातड्यावरील हात डेव्हिडसनचा होता. खानदेशात मिळालेला तो पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीनिशी मिरविण्यात आला होता. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सारे प्रकरण सविस्तर मांडले.

या शोधाचे खरे फळ त्याआधीच हाती आले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट असे तिघे रानपिंगळ्याच्या शोधार्थ भारतात आले. मांडवीची चिठ्ठी त्यांनी बाजूस सारली व जुन्या, विश्वासार्ह नोंदींचा माग धरला. पूर्वेकडील रानांत त्यांची निराशा झाली. मग ते डेव्हिडसनच्या खानदेशाकडे वळले. आणि २५ नोव्हेंबर रोजी शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनंतर त्याचे हे दर्शन घडले होते. पुढे तोरणमाळ, मेळघाट, बऱ्हाणपूर व खंडवा येथील रानांतही तो आढळला.

सांगावयाचे तात्पर्य असे, की एका खोट्या चिठ्ठीने एक पक्षी जेथे मिळाला नव्हता तेथे नेऊन बसविला, आणि जुन्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिक नोंदींनी तो पुन्हा मिळवून दिला. जातींची गणती ही अखेर माणसांच्या सचोटीची गणती आहे. रानपिंगळा आजही धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. तो ज्या सागाच्या विरळ रानांत राहतो, ती तोडीने व शेतीने आकसत आहेत. चिठ्ठीवरील खोटे कित्येक वर्षांनीही दुरुस्त करता आले. रान एकदा नाहीसे झाले, म्हणजे ती सोय उरत नाही.