नदीची वाट आणि खिशांतील कादंबरी

प्रवासाचें आणि वाचनाचें नातें जुनें आहे. परंतु प्रत्येक नव्या वाहनाबरोबर तें बदलत आलें आहे. आगगाडींत बसलेला मनुष्य कादंबरी उघडतो ती बहुधा बाहेरचा देश विसरण्यासाठीं. वेळ जावा आणि स्टेशन यावें, एवढीच त्याची अपेक्षा असते. आगबोटीवरील उतारूपाशीं वेळ मुबलक, पण पाहावयास पाण्यावांचून दुसरें कांहीं नसतें. पायगाडीवरील प्रवाशाची गोष्ट निराळी. चालत्या गाडीवर त्याला वाचतां येत नाहीं. त्यानें दिवसभर देश पाहावा आणि भर दुपारीं एखाद्या झाडाखालीं, किंवा रात्रीं मुक्कामाच्या खोलींत, पुस्तक उघडावें. त्यामुळें पाहिलेल्याची पारख वाचलेल्यावरून, आणि वाचलेल्याची पाहिलेल्यावरून, आपोआप होऊं लागते. ही पारख पुस्तकाला मानवतेच असें मात्र नाहीं.

अशा वाचनासाठीं युरोपांत जी वाट आज सर्वांत प्रसिद्ध आहे, ती डॅन्यूब नदीच्या कांठची होय. जर्मनींत उगम पावून काळ्या समुद्रास मिळेपर्यंत ही नदी सुमारें २,८५० किलोमीटर वाहते. तिच्यावरील अंतरें मुखापासून उगमाकडे मोजलेलीं आहेत. सुलिना येथें शून्य, व्हिएन्ना येथें सुमारें १,९३०, आणि तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या पासाऊ नगराशीं सुमारें २,२२५. म्हणून प्रवाहाबरोबर खालीं जाणाऱ्या प्रवाशास कांठावरील फलकांचे आंकडे दररोज कमी कमी होत गेलेले दिसतात; हातांतील कादंबरीचीं उरलेलीं पानें कमी व्हावींत तसे. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतची सुमारें ३०० किलोमीटरांची वाट साधारण मनुष्य आठवड्याभरांत सुखानें काटतो. चढ फारसा नाहीं, वाराहि बहुधा पाठीकडून येतो.

परंतु ही सुखाची वाट सुखासाठीं बांधलेली नव्हती. वाफेचें यंत्र येण्यापूर्वीं प्रवाहाबरोबर खालीं जाणें सोपें, पण वर येणें महाकठीण असे. उल्म येथून सुटणाऱ्या साध्या लांकडी नावा माल आणि माणसें घेऊन व्हिएन्नाकडे किंवा त्याहून खालीं जात. आणि परत आणण्याचा खर्च परवडत नसल्यामुळें पुष्कळ वेळां तेथेंच मोडून त्यांचें लांकूड विकण्यांत येई. जो माल वर न्यावयाचाच असे, त्याच्या नावा घोड्यांकडून ओढविल्या जात. मोठ्या तांड्यास डझनावारी घोडे लागत. घोड्यांवर स्वार, नावेवर सुकाणूवाले, आणि मधें जाड दोर. कांठ खडकाळ झाला कीं घोड्यांस नावेंत चढवून पलीकडच्या तीरावर न्यावें लागे. आठवडेच्या आठवडे असा प्रवास चाले. या घोड्यांच्या टापांखालीं जी पट्टी पडली, तीच ऑस्ट्रियांतील आजच्या सायकलवाटेचा मोठा भाग आहे.

१८२९ सालीं डॅन्यूबवरील आगबोटींची कंपनी व्हिएन्ना येथें निघाली, आणि १८३० सालीं ‘फ्रान्झ पहिला’ ही आगबोट व्हिएन्नाहून बुडापेस्टकडे गेली. पुढील कांहीं दशकांत दोर, घोडे आणि स्वार हे सर्व नदीवरून नाहींसे झाले. वाट तेवढी राहिली. विशेष हें कीं, घोड्याची जागा घेऊं पाहणारें दुसरें वाहनहि याच काळीं जन्मास आलें होतें. १२ जून १८१७ रोजीं कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थानें मानहाइम येथें दोन चाकांच्या लांकडी यंत्रावर बसून, पायांनीं जमीन मागें रेटीत, श्वेट्झिंगेनच्या रस्त्यावर फेरी मारली. पायट्यांची सोय पुढें झाली. आणि १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेल्या धांवेचें पेटंट घेतलें, तेव्हां कोठें लांबचा प्रवास हाडांना सोसवेल असा झाला.

तत्पूर्वींच एका साहसी मनुष्यानें हा मुलूख सायकलवरून पाहिला होता. थॉमस स्टीव्हन्स हा एप्रिल १८८४ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला, आणि १८८५ सालीं व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड असा डॅन्यूबच्या खोऱ्यांतून पूर्वेकडे गेला. त्याच्या सामानांत मोजे, एक जादा सदरा, तंबूचेंहि काम देणारा पावसाळी कोट आणि एक पिस्तूल एवढेंच होतें, असें सांगतात. त्याच्या पुढें पृथ्वीप्रदक्षिणेचें लक्ष्य होतें. आपल्या मुंबईहून १९२३ सालीं निघून १९२८ सालीं परतलेले आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हेहि त्याच जातीचे वीर होत. त्यांनीं ग्रंथ लिहिले. वाटेंत कादंबऱ्या वाचीत बसण्यास असल्या प्रवासांत सवड कमीच. सायकलवरून जातां जातां वाचणारा प्रवासी हा विश्रांतीच्या काळाचा जीव आहे. डॅन्यूबकांठीं तो मोठ्या संख्येनें दिसूं लागला तो १९८० च्या दशकांत, नदीकांठची वाट सायकलींसाठीं नीट करून तिच्यावर खुणा लावण्यांत आल्यानंतर.

त्याच्या खिशांत मावणारें पुस्तक मात्र त्याच्याहून पुष्कळ आधीं तयार झालें होतें. लाइपझिगच्या टाउख्निट्स या प्रकाशकानें १८४१ पासून इंग्रज लेखकांचीं पुस्तकें स्वस्त कागदी बांधणींत काढावयास आरंभ केला. तीं युरोप खंडांतील प्रवाशांसाठीं असत. इंग्लंडांत नेण्यास मनाई असे. त्याच शहरांतील रेक्लाम यांनीं १८६७ सालीं गटेच्या ‘फाउस्ट’पासून आपली लहानखुरी माला सुरू केली. जाड ग्रंथ वजनानें घरींच राहतो. लहान ग्रंथ मनुष्याबरोबर घराबाहेर पडतो, आणि ज्या भूमीचें वर्णन त्यांत आहे तिच्यासमोर त्याला उभें राहावें लागतें.

पासाऊहून निघालेल्या प्रवाशानें प्रथम अ‍ॅडलबेर्ट श्टिफ्टर वाचावा. हा लेखक १८४८ पासून लिंझ येथें राहिला, तेथें शाळांचा तपासनीस झाला, आणि १८६८ सालीं नदीकांठच्या आपल्या घरांतच वारला. त्याची ‘डेर नाखझोमर’ ही कादंबरी १८५७ सालीं निघाली. एक तरुण पादचारी वादळ येणार म्हणून गुलाबांनीं वेढलेल्या एका घराच्या आश्रयास जातो. घरधनी म्हणतो, वादळ येणार नाहीं. आणि तें येत नाहीं. पुढें शेंकडों पानें बागा, जुन्या वस्तूंची डागडुजी, खनिजें, पक्षी आणि सभ्य संभाषणें. घाईच्या वाचकास हें असह्य होतें. पण दिवसाकाठीं चाळीस पन्नास किलोमीटर संथपणें आक्रमिलेल्या मनुष्यास त्या लेखणीची चाल आपल्या चाकासारखी वाटूं लागते. मोठ्या गोष्टी हळू घडतात, मृदूपणें घडतात, ही लेखकाची श्रद्धा त्याला डोळ्यांपुढील कुरणांत आणि फळबागांत दिसते.

लिंझ सोडून सुमारें २० किलोमीटर खालीं गेलें कीं माउटहाउझेन हें गांव लागतें. येथील खाणींच्या दगडांनीं व्हिएन्नाचे रस्ते फरसबंद झाले. १९३८ सालीं नाझी सत्तेनें या खाणींशेजारीं बंदिवानांची छावणी उभारली. खाणींतून वर येणाऱ्या १८६ पायऱ्यांवरून बंद्यांना पाठीवर दगड वाहावयास लावीत. या छावणींत आणि तिच्या शाखांत सुमारें १,९०,००० माणसें आणलीं गेलीं. त्यांतील ९०,००० हून अधिक परत गेलीं नाहींत. ५ मे १९४५ रोजीं अमेरिकन सैन्यानें छावणी मुक्त केली. आज तेथें स्मारक आहे. सायकलवाट खालून, नदीलगत जाते. वर चढण आहे. आणि पुष्कळ जण चढणीकडे पाहून पुढें जातात.

येथें वाचकापुढें खरा प्रश्न उभा राहतो. श्टिफ्टरच्या घरधन्यानें सांगितलें होतें कीं वादळ येणार नाहीं. तें आलें, आणि त्याच कांठावर आलें. मग ती कादंबरी खोटी ठरली काय? मला तसें वाटत नाहीं. मनुष्यानें कसें राहावें हें तिनें सांगितलें. मनुष्य कसा राहिला हें सांगणें इतिहासाचें काम. परंतु कादंबरी वाचून झाल्यावर जो त्या १८६ पायऱ्या चढत नाहीं, त्यानें कादंबरीहि अर्धीच वाचली असें म्हणावें लागेल.

दुसरें पुस्तक व्हिएन्नाच्या पुढचें. हंगेरीचा थोर कादंबरीकार मोर योकाइ हा १८२५ सालीं डॅन्यूबवरील कोमारोम गांवीं जन्मला. त्याची ‘सोन्याचा मनुष्य’ ही कादंबरी १८७२ ची. तिचा आरंभ ‘लोहद्वार’ या नांवाच्या भयंकर घळींत होतो. आगबोटींच्या पूर्वींचा काळ. गव्हानें भरलेली ‘संत बार्बरा’ नांवाची नाव प्रवाहाविरुद्ध घोड्यांकडून ओढली जात आहे. नावेवर तुर्कस्तानांतून पळालेला एक श्रीमंत आणि त्याची मुलगी. पुढें नाव बुडते; नावेचा कारभारी तिमार बुडालेला गहू विकत घेतो, आणि एका पोत्यांत लपविलेलें धन त्याच्या हातीं लागतें. तें धन त्याला सोन्याचा मनुष्य बनवितें आणि त्याची झोंप नेतें. शेवटीं तो नदींतील एका निनांवी बेटावर, जें कोणत्याच राजाचें नाहीं अशा ‘कोणाच्याहि नसलेल्या बेटा’वर, जाऊन शांत होतो.

दोर, घोडे आणि प्रवाह यांच्या झुंजीचें असें जिवंत चित्र हातांत असतांना लोहद्वारांत पोंचलेला प्रवासी चकित होतो. कारण तेथें प्रवाहच नाहीं. रूमानिया आणि युगोस्लाव्हिया या दोन राज्यांनीं १९६४ ते १९७२ या काळांत तेथें धरण बांधलें. भोंवरे आणि खडक संथ जलाशयाखालीं गेले. रोमन सम्राट ट्राजन यानें इसवी सनाच्या १०० च्या सुमारास खडकांत कोरविलेला रस्ता बुडाला. त्याचा शिलालेख तेवढा कापून वर बसविला. १८३० च्या दशकांत सेचेनी यांच्या प्रेरणेनें बांधलेला डाव्या तीरावरील रस्ताहि बुडाला. जुनें ओर्शोवा शहर बुडालें. आणि ‘अदा कालेह’ हें बेट बुडालें.

या बेटाची कथा कादंबरीहूनहि विलक्षण आहे. तेथें तुर्क लोकांची वस्ती होती. १८७८ च्या बर्लिन परिषदेंत त्याचा उल्लेख राहून गेला. त्यामुळें भोंवतालचा सर्व मुलूख गेला तरी तें नांवापुरतें सुलतानाचेंच राहिलें. पुढें १९१३ मध्यें हंगेरीनें व पहिल्या महायुद्धानंतर रूमानियानें तें घेतलें. अरुंद गल्ल्या, मशीद, किल्ला, तंबाखू, मिठाई, गुलाब. १९७० च्या सुमारास रहिवाशांना हलविण्यांत आलें. घरें पाडलीं गेलीं. मशिदींतील मोठा गालिचा कॉन्स्टान्ट्सा शहरांतील मशिदींत गेला. योकाइच्या बेटाची आणि या बेटाची सांगड वाचक पूर्वींपासून घालीत आले आहेत.

येथेंच सावध व्हावें लागतें. योकाइचें बेट ‘कोणाचेंहि’ नव्हतें, म्हणून तेथें थकलेल्या नायकास विसांवा मिळाला. खरें बेट मात्र कोणाचें तरी होतें. तेथें लोक जन्मत, दुकानें मांडीत, मृतांस पुरीत. राज्यांच्या नकाशावर जी जागा लहान असते ती कोणाचीच नाहीं असें समजण्याचा मोह कादंबरीकाराला होतो तो स्वप्नासाठीं, आणि धरण बांधणाऱ्याला होतो तो विजेसाठीं. वीज खरीच मिळाली. दोन्ही देशांना ती हवी होती. परंतु हिशोबाच्या एका बाजूस ती मांडतांना दुसरी बाजू कोरी ठेवतां येत नाहीं.

मराठी वाचकाला हें परकें वाटूं नये. नदीची वाट पायीं चालण्याची आपली परंपरा युरोपच्या सायकलवाटेहून फार जुनी. नर्मदेस उजव्या हातास ठेवून, तिचें पात्र न ओलांडतां, परिक्रमावासी चालत आले आहेत. आणि त्या वाटेवरची गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ पुष्कळ घरांत आहे. त्या कथेंतील कांठहि आज जसाच्या तसा राहिलेला नाहीं. सरदार सरोवरानें शूलपाणेश्वराचें जुनें मंदिर आणि मणिबेलीसारख्या गांवांची भूमि पोटांत घेतली. मात्र आपल्या भाषेंत हिशोबाची दुसरी बाजू लिहिणारी कादंबरीहि आहे: विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांपासूनच आरंभ करते. जागा कोणाची होती, हा प्रश्न ती वाचकाला टाळूं देत नाहीं.

तेव्हां नदीकांठीं सायकलवरून जाणाऱ्यानें कादंबरी अवश्य न्यावी. बुडालेला प्रवाह तिच्यांत अजून खळखळतो. नाहींशा झालेल्या घोड्यांचे दोर तिच्यांत अजून ताणलेले आहेत. हें काम शिलालेखानें होत नाहीं. परंतु पान मिटल्यावर गांवांतील एखाद्या म्हाताऱ्यास विचारावें कीं, पूर्वीं पाणी कोठपर्यंत येत असे, आणि तेथें कोण राहत असे. तो बोट दाखवील तिकडे कदाचित् नुसतें पाणी असेल. तें घटकाभर पाहावें, आणि मग पुढच्या फलकाकडे निघावें.